तारनाक्याहून हायटेक सिटीकडे

हैदराबादेस येणारा मराठी प्रवासी चारमिनार व गोवळकोंडा पाहतो आणि मुलगा वा सून तेथे नोकरीस असल्यास हायटेक सिटीच्या काचेच्या इमारतींवरूनही मोटारीतून दृष्टी फिरवितो. परंतु ही नवी उद्योगनगरी ज्याला खरोखर समजून घ्यावयाची आहे, त्याने प्रथम तारनाक्यास उतरून उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजसमोर उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात त्या काळी अध्यापन उर्दूतून चाले, आणि १९५८ साली औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ निघेपर्यंत मराठवाड्यातील असंख्य होतकरू तरुणांनी उच्च शिक्षणासाठी येथेच बिऱ्हाड केले. १९३४ साली पायाभरणी होऊन १९३९ साली निजामांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही इमारत बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जॅस्पर यांची. अजिंठा-वेरूळ त्या वेळी निजामाच्याच मुलखात असल्याने असेल, लेण्यांची आठवण देणारे खांब आणि इस्लामी परंपरेतील उत्तुंग कमानी त्यांनी येथे इतक्या सहजतेने एकत्र नांदविल्या आहेत, की सांधा कोठे ते शोधूनही सापडू नये. जवळ जाऊन भिंत न्याहाळावी: गुलाबी ग्रॅनाइटात फिकट तांबूस स्फटिक, राखी गारगोटी आणि काळ्या अभ्रकाचे ठिपके उन्हात लुकलुकताना दिसतात. जाड दगड, खोल सावली आणि उंच छत, एवढ्यावरच ही इमारत दख्खनचा उन्हाळा निभावून नेते.

तारनाक्याहून मेट्रोची निळी मार्गिका सिकंदराबाद, बेगमपेठ व अमीरपेठ ओलांडून गाडी न बदलता थेट रायदुर्गास पोहोचते. हायटेक सिटी स्थानक त्याच्या अलीकडचे. १९९८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी उद्घाटन केलेली दहा मजली ‘सायबर टॉवर्स’ ही तेथील आद्य वास्तू. तिचे बाह्यरूप गोलाकार असून आत चार भाग मधल्या कारंज्याभोवती मांडलेले आहेत. त्यानंतर उभे राहिलेले कित्येक मनोरे मला मात्र या भूमीचे वाटत नाहीत, कारण काचेतून शिरलेले ऊन पुन्हा विजेच्या बळावर बाहेर घालवावे लागते. कलेची तहान भागवावयाची तर जवळच शिल्पारामम या हस्तकला-ग्रामात जावे. तेथे देशभरचे कारागीर माल मांडून बसतात.

तथापि या परिसरातील सर्वांत भव्य शिल्पे कोणाच्याही छिन्नीने घडलेली नाहीत. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटातील भेगांत पाणी मुरत गेले, कडा झिजून गोलावल्या, भोवतालची भुसभुशीत माती वाहून गेली आणि एकावर एक तोललेले प्रचंड गोलक उघडे पडले. बांधकामासाठी यांपैकी कितीतरी सुरुंगाने उडविले गेले, ही हानी मला अत्यंत दुःखद वाटते. उरलेल्यांच्या रक्षणार्थ ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था १९९६ पासून झटत आहे.

हे खडक आणि नवे स्थापत्य एकाच दृष्टिक्षेपात पाहावयाचे असल्यास दुर्गम चेरुवू गाठावे. कुतुबशाही अंमलात गोवळकोंड्यास पाणी पुरविणाऱ्या या तलावावर २०२० च्या सप्टेंबरात केबलच्या आधाराचा पूल खुला झाला. त्याचा मुख्य गाळा सुमारे २३४ मीटरांचा आहे. काठावरील पायवाटेने निवांत हिंडावे, आणि परतण्यासाठी दुर्गम चेरुवू याच नावाच्या स्थानकावरून नागोलकडे जाणारी गाडी धरावी.