झिजलेली लादी: फोडावी की घासावी?

पूर्वी दुपारच्या वेळी गल्लीत एक आरोळी ऐकू येई: 'पाट्याला टाकीऽऽ'. तुमच्यापैकी फार थोड्यांनी ती ऐकली असेल; आजीला विचारा, तिला नक्की आठवेल. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर चटणी नीट वाटली जात नाही, नुसती सरकते. मग टाकी लावणारी बाई छिन्नी-हातोडीने त्यावर बारीक बारीक खाचा पाडून देई आणि पाटा पुन्हा नव्यासारखा काम करू लागे. वरची जेमतेम अर्धा मिलिमीटर कातडी तेवढी बिघडली आहे, आतला दगड जसाच्या तसा आहे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. त्यामुळे पाटा टाकून देण्याचा विचार कुणाच्या मनात येत नसे.

घरातल्या जमिनीच्या बाबतीत मात्र आपण असा विचार करीत नाही. लादी काळवंडली, खडबडीत झाली, की लगेच 'फोडून टाका आणि नवी बसवा' असे म्हणतो. दिव्याला आमच्या घरी हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा मी मोजपट्टी आणि वही घेऊन बसलो. त्या वहीतला हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस फूट. जमीन मोझेकच्या लाद्यांची. म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची खडी (चिप्स) मिसळून दाबून केलेल्या लाद्या. गॅलरीत नुसता सिमेंटचा कोबा. तीस-पस्तीस वर्षांत जाण्यायेण्याच्या वाटेवरची लादी मळकट झाली होती आणि काही लाद्यांच्या कडा शेजारच्या लादीपेक्षा वर आल्या होत्या. अशाच एका कडेला आईला दोनदा ठेच लागली आणि दुसऱ्या वेळी ती पडता पडता वाचली. आपण चालतो तेव्हा पुढे जाणाऱ्या पायाची बोटे जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर असतात. म्हातारपणी पाय आणखी घासत पडतो. अशा पायाला तीन मिलिमीटरची कडाही पुरते. तेव्हा काहीतरी करणे भाग होते.

मिस्त्रीने सांगितले, सगळे फोडू. मी म्हटले, आधी मोजू.

किती झिजले हे मोजायचे कसे? सोपे आहे. जड कपाटाखाली कोणी चालत नाही, म्हणून तिथली लादी मूळ उंचीवर असते. एक लांब सरळ पट्टी कपाटाखालून निघून वाटेवर येईल अशी ठेवली, आणि पट्टी व लादी यांच्यामधल्या फटीत जुनी पोस्टकार्डे एकेक करून सरकवली. पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याची जाडी मोजून त्याला संख्येने भागले की एकाची जाडी मिळते. उत्तर आले सुमारे एक मिलिमीटर. तीन दशकांच्या वर्दळीने एवढेच नेले होते! मोझेकच्या लादीत खडीचा वरचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि त्याखाली साधे सिमेंट-काँक्रीट. म्हणजे चांगल्या थरापैकी बराच भाग अजून शिल्लक होता.

आता वजनाचा हिशोब. ४०० चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. लादी आणि तिच्याखालचा मसाला मिळून पाच सेंटिमीटर जाडी धरा. घनफळ झाले १.८५ घनमीटर. अशा मालाची घनता दर घनमीटरला सुमारे २२०० किलोग्रॅम. म्हणजे चार टनांहून थोडा अधिक मलबा. तीस किलोची एक गोणी धरली तर सुमारे एकशे पस्तीस गोण्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या जिन्यावरून कुणाच्या तरी पाठीवर. त्या टाकायच्या कुठे? दिव्याच्या आसपास खाडीकाठची कितीतरी खाजण जमीन अशाच मलब्याने भरली गेली आहे, हे रेल्वेच्या खिडकीतूनही दिसते. उलट संपूर्ण घराची लादी एक मिलिमीटर घासली तर निघणारा माल किती? ३७ लिटर, म्हणजे नव्वद किलोच्या आत. तीन गोण्या!

'मग जुन्यावरच नवी बसवा,' असे शेजाऱ्यांनी सुचवले. चार सेंटिमीटर मसाला-लादी वर चढवली की इमारतीवर तीन टनांहून अधिक बोजा वाढतो, आणि प्रत्येक दार खालून तासावे लागते. शिवाय नव्या सिमेंटची किंमत नुसती रुपयांत मोजून चालत नाही. सिमेंटचा मूळ घटक क्लिंकर. तो चुनखडी भाजून करतात. भाजताना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे निव्वळ चुनखडीतूनच सुमारे अर्धा टन वायू निघतो. भट्टीच्या कोळशाचा वेगळाच.

जुने काँक्रीट खाली चांगले का राहते, याचे कारण ते ओतण्याच्या दिवशीच ठरलेले असते. ओले काँक्रीट थापीने घोटताना जड खडी खाली बसते आणि पाणी व बारीक कण वर येतात. गवंडी ही चकचकीत साय पाहून खूश होतो. पण पाणी जास्त झाल्यामुळे सुकल्यावर ती सर्वांत कमजोर निघते. म्हणून शाळेच्या व्हरांड्यातल्या कोब्यावरून हात फिरवला की हाताला पांढुरकी पूड लागते. ही साय घासून काढली की खालची खडी उघडी पडते, आणि खडी सिमेंटपेक्षा चिवट असते. आपल्याकडच्या काँक्रीटात बहुधा काळा बेसाल्ट असतो. मुंब्र्याचा डोंगर, पारसिकची टेकडी ज्या दगडाची, तोच.

घासायला घासल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा कठीण वस्तू हवी. फ्रेडरिक मोह्ज याने १८१२ साली खनिजांची काठिण्यश्रेणी मांडली: संगमरवरातले कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७, हिरा १०. लोखंडी खिळ्याने संगमरवरावर ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर उठत नाही, करून पाहा. लादीवाल्याच्या यंत्राखाली जे काळपट दगड बसवलेले असतात ते कार्बोरंडमचे, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे. काठिण्य ९ च्या वर. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन हा कृत्रिम हिरे करण्याच्या नादात चिकणमाती आणि कोक यांतून विजेचा प्रवाह सोडत होता. हिरे मिळाले नाहीत. काळेनिळे, काचेवर ओरखडे काढणारे स्फटिक मिळाले. आज मोठ्या यंत्रांत खऱ्याखुऱ्या (अर्थात कृत्रिम) हिऱ्यांचे कण धातूत बसवलेले असतात. त्यात एक गंमत आहे. काँक्रीट कठीण असेल तर हिरे धरून ठेवणारा धातू मऊ निवडतात, आणि काँक्रीट मऊ असेल तर धातू कठीण! कठीण काँक्रीटावर हिऱ्याची धार लवकर बोथट होते. तेव्हा धातू झटपट झिजून आतला नवा धारदार हिरा वर यायला हवा. मऊ काँक्रीटाची भरड पूड मात्र धातूला खात सुटते, म्हणून तिथे टणक धातू.

रस्त्यांनाही हाच उपाय चालतो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो मार्गाचा एकोणीस वर्षे वापरलेला काँक्रीटचा भाग १९६५ साली हिऱ्यांच्या पात्यांनी घासून सपाट केला, आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली.

आता आमच्या घरी काय झाले ते सांगतो. प्रथम ६० नंबरचा दगड, मग १२०, मग ३२०. नंबर जितका मोठा तितके कण बारीक; ६० नंबरचे कण साधारण पाव मिलिमीटरचे असतात. पहिल्या दगडाने वर आलेल्या कडा कापल्या जातात, पण मागे खोल ओरखडे राहतात. दुसऱ्याचे काम पहिल्याचे ओरखडे पुसणे, तिसऱ्याचे काम दुसऱ्याचे. मधल्या वेळी लादीतली बारीक भोके त्याच रंगाच्या सिमेंटने भरून काही दिवस ओली ठेवतात. आमच्याकडे शेवटच्या खोलीत घाई झाली आणि १२० नंबर गाळून एकदम ३२० फिरवला. दुपारी सगळे छान दिसले. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपे ऊन आले आणि लादीभर अर्धगोल रेघा उमटल्या. तो कोपरा पुन्हा करून घ्यावा लागला.

तिरप्या उजेडातच त्या का दिसल्या? पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा (सुमारे अर्धा मायक्रॉन) पुष्कळ लहान असले तरच तो आरशासारखे परावर्तन करतो, नाहीतर प्रकाश सगळीकडे विखुरतो. किरण अगदी सपाट येऊ लागले की तेच उंचवटे प्रकाशाला 'लहान' वाटू लागतात. पाटीची कड डोळ्यापाशी धरून दिव्याकडे पाहा. खडबडीत पाटीतही दिव्याचे प्रतिबिंब दिसेल. गुळगुळीत भाग असा चमकू लागला, की न चमकणारे ओरखडे त्यावर उठून दिसतात.

यावरून एक निर्णय मी घेतला आणि तो घरात सर्वांना पटला नाही. आईची खोली आणि न्हाणीघराकडची वाट १२० नंबरवरच थांबवली. कोरड्या पायाला चकचकीत लादी फारशी दगा देत नाही. पण ओल्या पायाखाली पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पाय त्या थरावर सरकतो. लादी थोडी खरखरीत असेल तर पाण्याला बाजूला व्हायला वाट मिळते. पाट्याची टाकी आणि ही खरखर, दोन्ही एकाच कामाच्या. पाहुणे बसतात तिथे आरसा असू द्यावा. आईच्या वाटेवर नको.

गॅलरीतल्या कोब्यावर घासल्यानंतर सिलिकेटचे पातळ द्रावण ओतले. सिमेंटमध्ये मोकळा राहिलेला चुना आणि हे सिलिकेट यांची रासायनिक क्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेटचा टणक पदार्थ छिद्रांतच तयार होतो. कोब्याची धूळ सुटायची थांबली.

धुळीवरून सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लादी नेहमी पाणी टाकून घासावी. आमच्याच इमारतीत एकदा जिन्याचा कोबा हातातल्या यंत्राने कोरडाच घासला गेला. काम करणाऱ्या मुलाच्या तोंडाला नुसता रुमाल होता आणि पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. वाळूत क्वार्ट्झ असू शकते, आणि क्वार्ट्झची अतिबारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. फुप्फुसे कायमची कडक होतात आणि ती पूर्ववत करणारे औषध नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग आढळल्यास कळवणे बंधनकारक केले होते. पण घरोघर फिरणाऱ्या पॉलिशवाल्याला कारखाना कुठला?

डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी घातक का, हे स्टोक्सच्या नियमाने कळते. हवेत पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पन्नास मायक्रॉनचा दगडाचा कण स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून सात-आठ सेकंदांत खाली येतो. दोन मायक्रॉनचा कण पंचवीसपट लहान, म्हणून सव्वासहाशे पट सावकाश. त्याला तेवढेच अंतर पडायला सव्वा तासाहून अधिक लागतो. म्हणजे यंत्र बंद झाले, धूळ 'बसली', मुलाने रुमाल सोडून डबा उघडला, तरी हवेत नेमकी फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारी धूळ तरंगतच असते. आणि रुमालाच्या विणीतून ती सहज जाते. पाण्याने तिचा तिथल्या तिथे चिखल होतो. पाणी टाकणे शक्यच नसेल तिथे धूळ ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मुखवटा हवाच.

दिव्यात पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा आम्ही तो राखाडी चिखल टबात साठवला. रात्रभरात जड कण तळाशी बसले आणि वरचे पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायला वापरले. तो चिखल मोरीत मात्र ओतू नका. नळीत बसला की निघत नाही.

घासणे हा सगळ्यावरचा इलाज नव्हे. नाण्याने लादीवर टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ती खालच्या मसाल्याला धरून आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर खाली पोकळी आहे. ती लादी यंत्राखाली फुटेल, बदलायलाच हवी. आमच्या अशा अकरा निघाल्या. खाजणात भराव घालून बांधलेल्या तळमजल्यांत तर भरावच खचतो आणि जमीन मधोमध बशीसारखी होते. तिथे वरून कितीही घासा, उपयोग नाही. तीच गोष्ट, काँक्रीटातली सळई गंजून जमीन फुगली असेल तर. आणि पाच-सहा मिलिमीटरच्या थरातून दर खेपेला अर्धा-एक मिलिमीटर जात असेल, तर आयुष्यात किती वेळा घासता येईल, हा भागाकार तुम्हीच करा.

आमच्या घरी एक चूक तेवढी राहून गेली. ते जड कपाट कुणालाच हलवले नाही. यंत्र त्याच्या भोवतीने फिरले, कोपरे हाताने घासले, पण कपाटाखालची जागा मूळ उंचीवरच राहिली. आता कपाट एका मिलिमीटरच्या ओट्यावर उभे आहे आणि आईने बजावले आहे की ती असेपर्यंत ते तिथून हलवायचे नाही.