पितळेचा पत्रा आणि पेन्सिलीचा आकडा

घरातले एखादे जुने ताट हाती घ्या. काठाजवळ बारीक ठिपक्यांनी घातलेले नाव दिसेल. आजोबांचे असेल, आजीचे असेल. आमच्या भंडाऱ्यात, पितळी भांड्यांच्या या गावात, नाव नसलेले भांडे शोधावे लागते. ते नाव तुम्ही कधी कागदावर छापून पाहिले आहे का?

काजळी जवसाच्या तेलात घोटून दाट शाई करा. ती नावावर चोळा आणि मऊ फडक्याने पुसून टाका. वरचा धातू स्वच्छ होईल, पण ठिपक्यांच्या खळग्यांत शाई राहील. जाडसर कागद दहा मिनिटे पाण्यात भिजवून टिपून घ्या, नावावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा. कागद उचलला की नाव उमटलेले दिसेल, पण आरशातल्यासारखे उलटे. बोट फिरवा; अक्षरे किंचित वर आलेली लागतील. ओल्या कागदाचे तंतू मऊ होऊन खळग्यांत उतरले आणि तिथली शाई घेऊन आले. (ताट लगेच घासून ठेवा. तेलकट काजळी सहजी जात नाही, आणि बोलणी तुम्हालाच खावी लागतील.)

चमचाच का? कागदावर फळी ठेवून उभे राहिले तर? हिशोब करून पाहा. 60 किलोग्रॅम वजनाचा माणूस 300 चौरस सेंटिमीटरच्या फळीवर उभा राहिला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम 0.2 किलोग्रॅम भार येतो. चमच्याची पाठ सुमारे एक चौरस सेंटिमीटर टेकते असे धरू. हाताने 10 किलोग्रॅम भार दिला तरी दाब 50 पट झाला! चित्र छापण्याच्या यंत्रात पत्रा आणि कागद दोन जड रुळांमधून सरकवतात, ते याचसाठी. एका क्षणी फक्त एक अरुंद पट्टी दाबली जाते.

असे हाताने छापलेले चित्र म्हणजे मुद्राचित्र. स्वतंत्रपणे काम करणारा कलावंत स्वतःच पत्रा कोरतो, शाई भरतो, पुसतो, छापतो आणि विकतोही. जर्मनीतील आल्ब्रेख्त ड्यूरर याची मुद्राचित्रे त्याची पत्नी आग्नेस जत्रांतून विकत असे. त्याला आता 500 वर्षे झाली. आजच्या मुद्राचित्राखाली पेन्सिलीने 7/25 असे काहीतरी लिहिलेले असते. एकूण 25 प्रती, त्यांतील ही सातवी.

गिऱ्हाईक विचारते, पंचवीसच का? आणखी छापा की! पण सुईने तांब्यावर रेघ ओढली की, नांगराच्या तासाकडेला माती साचते तसा, रेघेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. तोही शाई धरतो. रेघ मखमलीसारखी दिसते ती त्याच्यामुळे. प्रत्येक वेळी रुळाखालून जाताना आणि पुसताना हा कंगोरा दबतो, झिजतो. काही डझन प्रतींत त्याचा कस संपतो. आम्लाने कोरलेली रेघ पुष्कळ जास्त टिकते. 19व्या शतकात तर विद्युत्-विलेपनाने तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवून पत्र्याचे आयुष्य वाढवण्याची युक्ती निघाली. मग आकडा हा निव्वळ धातूचा प्रश्न राहिला नाही, शब्दाचाही झाला. ठरलेल्या प्रती निघाल्या की प्रामाणिक कलावंत पत्र्यावर आडवी रेघ मारून तो निकामी करतो. विकत घेणाऱ्याने पैसे मोजले ते या भरवशावरच.

तांब्यावरचे हे कोरीव काम आपल्याकडे तांबटांच्या हातून आले, हे मला फार आवडते. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने पुण्यातील एका तांबटाला हे काम शिकवण्यात आले. नाना फडणिसांच्या मनात तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापायची होती. 1800 मध्ये नाना वारले. कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि 1805 मध्ये तेथे गीता छापून निघाली. एकेक देवनागरी अक्षर, काना, मात्रा, सगळे उलटे कोरलेले! एक अक्षर चुकले तर पुसायला खोडरबर नाही.

याच्या अगदी उलट वाट राजा रविवर्मा यांची. त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळाछाप चाले. दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात आणि दगड ओला करतात. तेल आणि पाणी एकमेकांशी जमवून घेत नाहीत, म्हणून तेलकट शाई फक्त चित्राला धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. येथे कंगोरा नाही, त्यामुळे हजारो प्रती निघतात. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या, पण छापखान्याचा खर्च काही निघेना. काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. स्वस्त छापले की धंदा चालतोच, असे नाही.

मीही एकदा पितळेच्या पत्र्याच्या तुकड्यावर वैनगंगेवरचा पूल सुईने कोरला. पितळ तांब्याहून कठीण, दोन दिवस मनगट दुखले. पहिल्या प्रतीला कागद कोरडा राहिला. नुसते डाग उमटले. नंतरच्या आठ बऱ्या आल्या. नववीत पुलाचे कठडे पुसट झाले, तेव्हा मी पत्र्यावर आडवी रेघ मारली. सात प्रती मित्रांनी कागदाच्या खर्चाएवढ्या किमतीत घेतल्या. 3/8 ही प्रत आमच्या प्रयोगशाळेत टांगली आहे. कोरताना मी उलटसुलटचा विचारच केला नव्हता, त्यामुळे तिच्यात भंडारा नदीच्या पलीकडच्या काठावर गेला आहे. दर वर्षी पहिल्या वर्षाचा कोणीतरी विद्यार्थी ते बरोबर ओळखतो.