लाल काउंटी निळी कशी झाली?

नोव्हेंबर 2020 आठवतोय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल, किंवा कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन लेक्चरला हजेरी लावत असाल. अमेरिकेतली मतमोजणी संपता संपत नव्हती आणि त्यावर मीम्सचा पाऊस पडत होता. जॉर्जिया राज्याचा निकाल शेवटी 11,779 मतांनी लागला. जवळपास 50 लाख मतांत एवढाच फरक! आणि तेवढ्यावर राज्याची सगळीच्या सगळी 16 इलेक्टोरल मतं जो बायडन यांच्या पदरात पडली.

आता त्या नकाशावर जरा झूम करा. अटलांटा शहराच्या ईशान्येला ग्विनेट नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा समजा. तिला स्वतःचं इलेक्टोरल मत नसतं, तिथली मतं राज्याच्या बेरजेत जातात. या एकट्या काउंटीने बायडन यांना सुमारे 75 हजारांची आघाडी दिली. आणि 2004 साली? तेव्हा याच ग्विनेटने जॉर्ज बुश यांना सुमारे 79 हजारांची आघाडी दिली होती. म्हणजे सोळा वर्षांत काटा या टोकाचा त्या टोकाला.

साहजिकच वाटतं, की तिथल्या लोकांचं मन बदललं. पण दोन्ही निवडणुकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. 2004 मध्ये रिपब्लिकन बुश यांना ग्विनेटमध्ये साधारण 1 लाख 60 हजार मतं पडली. 2020 मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांना 1 लाख 66 हजार. म्हणजे हरलेल्या पक्षाची मतं कमी झालीच नाहीत, उलट किंचित वाढली! डेमोक्रॅट्सचं मात्र 82 हजारांवरून थेट 2 लाख 42 हजारांवर गेलं. तिप्पट. शिकलेल्या गोऱ्या मध्यमवर्गातले काही जण ट्रम्प आल्यावर इकडून तिकडे गेले, हे खरंच. तरीही खरी गोष्ट ही, की जुन्या मतदारांच्या शेजारी लाखो नवे मतदार येऊन राहिले.

कोण होते हे? त्यासाठी अजून मागे जावं लागेल. 1970 मध्ये ग्विनेटची लोकसंख्या होती 72 हजार. शेतं, छोटी गावं. 1976 मध्ये या काउंटीने जॉर्जियाच्याच जिमी कार्टर यांना, म्हणजे डेमोक्रॅटला मत दिलं होतं. मग हायवेच्या कडेने वसाहती उभ्या राहू लागल्या. कृष्णवर्णीयांना समान हक्क मिळाल्यावर अटलांटा शहर सोडून निघालेली गोरी कुटुंबं इथे आली, उत्तरेकडच्या राज्यांतून नोकरीसाठी आलेलेही स्थिरावले. ऐंशीच्या दशकात ही देशातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या काउंट्यांपैकी एक होती. हायवेलगतच्या दोन पाण्याच्या टाक्यांवर 'ग्विनेट इज ग्रेट' आणि 'सक्सेस लिव्ह्ज हिअर' असं ठळक अक्षरांत रंगवलेलं असायचं! 1980 मध्ये काउंटीने कार्टर यांना सोडून रेगन यांना निवडलं, आणि पुढे 2012 पर्यंत प्रत्येक वेळी रिपब्लिकनच. (गंमत म्हणजे तिथल्या एका मोठ्या रस्त्याचं नाव आजही जिमी कार्टर बुलेवार्ड आहे.)

म्हणजे वाढीने ग्विनेटला आधी लाल केलं. निळं केलं ते वाढीच्या दुसऱ्या लाटेने. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या बांधकामांवर काम करायला मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून मजूर आले, त्यातले बरेच राहिले. कोरियन आले, व्हिएतनामी आले, कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबं आली. आणि आपले लोक आलेच. 2007 मध्ये ग्विनेटमधल्या लिलबर्न गावात भलंमोठं स्वामिनारायण मंदिर उभं राहिलं. 1990 मध्ये काउंटीत दहातले साधारण नऊ जण गोरे होते. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 9 लाख 57 हजार झाली आणि गोऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलं.

मग मतदान इतक्या उशिरा का बदललं? 2016 मध्ये हिलरी क्लिंटन जिंकल्या, तेव्हा कार्टर यांच्यानंतर चाळीस वर्षांनी ग्विनेट डेमोक्रॅट्सकडे आलं. याचं उत्तर तुमच्या एखाद्या अमेरिकेतल्या काकाला विचारा. एच-वन-बी व्हिसावर गेलेला माणूस तिथे घर घेतो, टॅक्स भरतो, पण मत देऊ शकत नाही. आधी ग्रीन कार्ड, त्याची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे ते काका सांगतीलच. त्यानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. तोवर तिथेच जन्मलेली त्यांची मुलगी अठरा वर्षांची होते आणि बापाच्या आधी मत देऊन येते! म्हणून शाळांचे वर्ग आणि दुकानांच्या पाट्या आधी बदलतात, मतपेटी दहा-वीस वर्षं मागून येते. काउंटीच्या कारभाऱ्यांचं मंडळही असंच मागून आलं. तिथे गोरेतर सदस्य पहिल्यांदा निवडून आले ते थेट 2018 मध्ये.

आता कुणी म्हणेल, बाहेरून माणसं आली की डेमोक्रॅट्सची चांदी. इथे जरा सावकाश. फ्लोरिडातली मायामी-डेड काउंटी बघा. तिथे बहुसंख्य लोक लॅटिनो. 2016 मध्ये क्लिंटन तिथे जवळपास 30 टक्क्यांनी पुढे होत्या, 2020 मध्ये बायडन फक्त सातेक टक्क्यांनी, आणि 2024 मध्ये ट्रम्प यांनी ती जिंकली. क्युबा किंवा व्हेनेझुएलातून आलेल्या कुटुंबाला 'समाजवाद' हा शब्द कसा ऐकू येतो, ते मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबासारखं नसतं. खुद्द ग्विनेटमध्येही 2024 ला डेमोक्रॅट्सची आघाडी थोडी घसरली, आणि जॉर्जिया राज्य ट्रम्प यांच्याकडे परत गेलं. जनगणनेच्या आकड्यांवरून मतं आधीच मोजून ठेवणाऱ्यांची पंचाईत होते ती अशी.

एक गोष्ट तर माणसं बदलूनही बदलली नाही. अटलांटाची मेट्रो म्हणजे मार्टा. ती आपल्याकडे नको, असं ग्विनेटने 1971 मध्ये मतदान करून सांगितलं, 1990 मध्ये पुन्हा सांगितलं. शहरातले कृष्णवर्णीय ट्रेनने आपल्या दारात येतील, ही भीती त्यामागे होती आणि ती फारशी लपवलेलीही नव्हती. 2019 मध्ये, गोरे अल्पसंख्य झाल्यावर, परत मतदान झालं. परत नकार! नोव्हेंबर 2020 मध्ये, ज्या दिवशी बायडन यांना 75 हजारांची आघाडी मिळाली त्याच दिवशी, सार्वजनिक वाहतुकीसाठी कर वाढवायचा प्रस्ताव जेमतेम हजारभर मतांनी पडला. 2024 ला बस-सेवेच्या वाढीव कराचंही तेच. आता कारण भीतीपेक्षा खिशाचं जास्त दिसतं. कर्ज काढून घर आणि दोन गाड्या घेतलेल्या माणसाला, तो कुठल्याही देशातून आलेला असो, आणखी एक कर नकोच असतो.

मार्टाची एक लाइन डोराव्हिल स्टेशनला संपते, काउंटीच्या हद्दीच्या जरा अलीकडे. ग्विनेटमध्ये स्टेशन आजही एकही नाही.