शब्दांनी न सांगितलेलं
(लेखमाला : मुलांचं चित्रपुस्तक, लेखांक ६)

गेल्या आठवड्यात पात्रांचे चेहरे झाले. आता पानाकडे वळू. ‘मिनू आजीबरोबर बाजारात गेली’ हे वाक्य देऊन मुलांना चित्र काढायला सांगितलं, की वर्गातल्या निम्म्याहून अधिक कागदांवर काय येणार हे चित्रकलेच्या कुठल्याही शिक्षकाला आधीच ठाऊक असतं: एक मोठी बाई, एक छोटी मुलगी, हातात पिशवी आणि वर कोपऱ्यात सूर्य. चित्रात चूक काहीच नाही, पण पुस्तकाच्या पानाला त्याचा उपयोगही नाही, कारण वाक्यानं सांगितलं तेवढंच ते पुन्हा सांगतं. म्हणून पान रंगवायला शिकवताना पहिला धडा निवडीचा असावा, असं माझं म्हणणं आहे. शब्दांनी काय सांगायचं आणि चित्रासाठी काय राखून ठेवायचं, हे मुलानं आधी ठरवावं. रेघ, छटा, यथार्थदर्शन मागाहून येऊ द्यावं.

याचा उत्तम दाखला म्हणजे पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’. पुस्तकभर मिळून इंग्रजीतलं एकच वाक्य, ३२ शब्दांचं: कोंबडी फिरायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी असं करत जेवणाच्या वेळेला घरी परतते. तिच्या मागावर कोल्हा आहे, हे शब्दांत कुठेच नाही. तो फक्त चित्रात आहे. एका पानावर तो झेप घेतो, खाली दंताळं पडलेलं दिसतं, आणि पान उलटल्यावर त्याचा दांडा उसळून कोल्ह्याच्या तोंडावर बसतो. त्या पानावर एकही शब्द नाही. वाचता न येणाऱ्या मुलालाही इथे वाचून दाखवणाऱ्यापेक्षा जास्त कळतं, आणि पुस्तकाची सगळी गंमत त्यातच आहे. शिवाय रोझी डावीकडून उजवीकडे चालते, म्हणजे पान उलटतं त्याच दिशेनं. मॉरिस सेंडॅक यांनी १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये आणखी धीट निवड केली. मॅक्सची खोली जंगल होत जाते तसतशी चित्रं मोठी होत पानाचा पांढरा समास गिळतात, धिंगाण्याची सलग तीन जोडपानं निःशब्द आहेत, आणि शेवटच्या पानावर उलट चित्रच नाही, नुसते शब्द.

यावर पहिला आक्षेप येईल तो हाताच्या तयारीचा: आठ वर्षांच्या मुलाला धड माणूस काढता येत नाही, त्याच्याकडून ही कारागिरी कशी अपेक्षायची? पण हचिन्स यांच्या युक्तीला शरीररचनेचं ज्ञान लागत नाही, आणि त्या वयाच्या रेखाटनांत असलेले ‘दोष’ गोष्टीला उलट सोयीचे असतात. मुलं घराची भिंत पारदर्शक करून आतली माणसं दाखवतात, महत्त्वाचं माणूस झाडाहून उंच काढतात. मुलांच्या चित्रांचे अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ मध्येच लिहून ठेवलं, की मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं? आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव करावा लागतोच, जरूर करावा. पण ती शिस्त वेगळी.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: एवढं नियोजन करायला लावलं तर मुलाची उत्स्फूर्तता मरेल. नियमांची यादी हातात दिली तर मरेलही. म्हणून शिक्षकानं प्रश्नांवर थांबावं आणि मुलाच्या कागदाला आपली पेन्सिल लावू नये. बाजाराच्या वाक्याला एवढंच विचारावं, ‘आजीला न दिसलेलं काय आहे तिथे?’ मग पिशवीतली मेथी ओढणारी शेळी येते, नाहीतर मिनूची एक चप्पल चिखलात राहून गेलेली असते. हे प्रयोग मोठ्या कागदावर नकोत. काड्यापेटीएवढे चार-पाच चौकोन पेन्सिलीनं आखून घ्यावेत, म्हणजे खोडायचा जीव होतो. त्यातला आवडलेला चौकोन मोठा करताना दोन गोष्टी मात्र मोठ्यांनी सांगाव्यात, कारण त्या मुलाला आपणहून सुचण्याजोग्या नाहीत: मजकुरासाठी जागा आधीच मोकळी सोडायची, आणि जोडपान असेल तर मिनूचा चेहरा मधल्या घडीवर येऊ द्यायचा नाही, बांधणीत तो अर्धा जातो. शेळी घडीवर आली तरी चालेल.