गणितांतील जिज्ञासा कशी मोजावी?

श्रोतेहो, थर्मामीटरनें ताप मोजतां येतो, परीक्षेनें अभ्यास मोजतां येतो; परंतु मुलाच्या मनांतील गणिताविषयींची जिज्ञासा कशानें मोजावी? २०२२ सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणींत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपुढें कुतूहलाविषयींचीं कांहीं विधानें ठेवून तीं कितपत पटतात, असें विचारण्यांत आलें. ही रीत सोयीची खरी. पण गुरुजींना कोणतें उत्तर आवडेल हें मूल चटकन् ओळखतें आणि पुष्कळदां तेंच लिहितें.

म्हणून जिज्ञासेची खूण उत्तरांत नव्हे, तर मुलांच्या प्रश्नांत शोधावी, असें मला वाटतें. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेली एक गंमत यासाठीं उपयोगी पडते. चारही अंक सारखे नसलेली एखादी चार अंकी संख्या घ्यावी, समजा, ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी : ५४३२ – २३४५ = ३०८७. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करावी : ८७३० – ०३७८ = ८३५२; मग ८५३२ – २३५८ = ६१७४. पुढें ६१७४ हीच संख्या येत राहते. आरंभीं कोणतीही संख्या घेतली, तरी फार तर सात क्रियांत आपण तेथेंच पोहोंचतों.

वर्गांत इतकें दाखवून थांबावें. गृहपाठ देऊं नये, गुणहि ठेवूं नयेत. दुसऱ्या दिवशीं पाहावें : किती मुलांनीं आपण होऊन आणखी संख्या तपासल्या? तीन अंकांचें काय होईल, असें किती जणांनीं विचारिलें? (तेथें ४९५ येते.) आणि असें कां होतें, हा प्रश्न कोणास पडला? या तीन पायऱ्यांची नोंद ठेवावी व कांहीं महिन्यांनीं नव्या कोड्यानें ती पुनः घ्यावी. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशीं न करतां त्याच्या स्वतःच्या मागील नोंदीशीं करावी.

माझ्या नोकरीच्या आरंभीं एका मुलानें विचारिलें, “गुरुजी, ऋण गुणिलें ऋण धन कां?” मीं म्हणालों, “तें परीक्षेस येत नाहीं. खालीं बैस.” त्यानें वर्षभर पुनः प्रश्न विचारिला नाहीं. वार्षिक परीक्षेंत त्यास गुण मात्र उत्तम पडले. ते गुण माझ्या नोंदवहींत होते. त्याचा प्रश्न कोठेंच नव्हता.

श्रोतेहो, मुलांचे गुण शाळा लिहून ठेवीतच असते. त्यांचे प्रश्न लिहिण्यासाठीं आपल्या घरीं एक वही अवश्य असावी.