पार्श्वभूमीवरील संगणकीय सेवांचे कमांड लाइनद्वारे व्यवस्थापन : प्रिंट स्पूलरच्या संदर्भात

संगणक सुरू होताच, वापरकर्त्याने काहीही उघडलेले नसले तरी, अनेक आज्ञावल्या पडद्याआड कामाला लागतात. विंडोज प्रणालीत त्यांना सर्व्हिस अर्थात सेवा म्हणतात व त्यांचे नियमन सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर हा घटक करतो. प्रस्तुत लेखात प्रिंट स्पूलर या सेवेच्या आधारे, स्क्रिप्ट लिहून सेवा थांबविण्यातील बारकाव्यांचा विचार केला आहे.

छपाईस पाठविलेली कामे स्पूलर रांगेत ठेवतो. त्यातील एक अडकले की मागील सर्व खोळंबतात. परीक्षेच्या दिवशी याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. उपाय परिचित आहे : सेवा थांबवावी, सिस्टम-३२ मधील स्पूल फोल्डरातील ‘प्रिंटर्स’ या उपफोल्डरातील फायली काढाव्यात व सेवा पुन्हा सुरू करावी. (सामाईक सर्व्हरवर यामुळे इतरांचीही कामे नष्ट होतात, हे ध्यानात असावे.) प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या बॅच फाइलमध्ये हे तीन टप्पे सहज मावतात.

तथापि ‘थांब’ ही आज्ञा म्हणजे केवळ विनंती असते. ‘एससी स्टॉप’ ही विनंती पोहोचवून लगेच परतते. सेवा अद्याप थांबत असतानाच स्क्रिप्ट पुढील ओळीवर जाते आणि वापरात असलेल्या फायली तशाच राहतात. ‘नेट स्टॉप’ सेवा थांबण्याची वाट पाहते, म्हणून येथे ती अधिक योग्य ठरते. मात्र स्पूलरवर अवलंबून असलेली फॅक्ससारखी सेवा चालू असल्यास ती होकार मागते. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला उत्तर देणारे कोणी नसते. त्यासाठी ‘स्लॅश वाय’ जोडावे लागते. शिवाय सेवा आधीच थांबलेली असेल तर हीच आज्ञा त्रुटी नोंदविते, वस्तुतः बिघाड काहीच नसतो. म्हणून आज्ञेच्या यशापयशापेक्षा ‘एससी क्वेरी’ने दाखविलेली अवस्था प्रमाण मानावी : १ म्हणजे थांबलेली, ३ म्हणजे थांबत असलेली, ४ म्हणजे चालू.

थांबविणे व अक्षम करणे यांतील भेद जुलै २०२१ मध्ये ठळक झाला. ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या स्पूलरमधील दोषामुळे दूरवरून संगणकाचा पूर्ण ताबा घेणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टने सुचविलेल्या तात्पुरत्या उपायांपैकी एकात दोन आज्ञा होत्या : ‘स्टॉप-सर्व्हिस’ आणि त्यापाठोपाठ प्रारंभ-प्रकार ‘डिसेबल्ड’ करणारी ‘सेट-सर्व्हिस’. केवळ पहिलीच दिली, तर स्वयंचलित प्रारंभ असलेली ही सेवा संगणक पुन्हा सुरू होताच परत येते, आणि तिच्यासह धोकाही.

जुन्या बॅच फाइलमधील ओळी पॉवरशेलमध्ये तशाच उतरविणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये ‘एससी’ हे ‘सेट-कंटेंट’चे संक्षिप्त नाव आहे. तेथे ‘एससी स्टॉप स्पूलर’ लिहिल्यास ‘स्टॉप’ नावाची फाइल तयार होऊन तीत ‘स्पूलर’ हा शब्द लिहिला जातो. त्रुटीचा संदेश येत नाही आणि सेवा पूर्ववत चालू राहते. तेथे ‘एससी डॉट ईएक्सई’ असे पूर्ण नावच लिहावे लागते.