छातीचे दुखणे आणि प्रतिपिंडाची पारख

आपल्या वस्त्यांत छातीचे दुखणे नवे नाही. कोणी खडी क्रशरवर राबले, कोणी सूतगिरणीत, आणि आयाबहिणींनी जन्मभर चुलीचा धूर गिळला. खोकला हटेना की शेजारचा कोणीतरी सांगतो, "रक्त तपासा, लगेच कळेल." काय कळेल, हे मात्र कोणी सांगत नाही. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला शिकवले. ती कसोटी लॅबच्या कागदालाही लावली पाहिजे.

जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशींजवळ इलास्टेज नावाचे एन्झाइम असते. ते जंतूंचा फडशा पाडते, पण जास्त सांडले तर फुप्फुसाला लवचीक ठेवणारे तंतूच कुरतडते. त्याला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन यकृतात तयार होते. ते रक्तात फार कमी असले तर फुप्फुसे अकाली निकामी होऊ शकतात, हे स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ साली दाखवले. विडी-सिगारेटचा धूर हा आवरच ढिला करतो.

मग बेडक्यात हे इलास्टेज किती आहे ते मोजायचे कसे? त्यासाठी त्यालाच पकडणारे प्रतिपिंड लागते. शुद्ध केलेले एन्झाइम उंदराला थोडे थोडे टोचतात. त्याच्या प्लीहेतल्या पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात, पण शरीराबाहेर त्या टिकत नाहीत. म्हणून त्यांचा न मरणाऱ्या कर्कपेशींशी संयोग घडवतात. ही युक्ती केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली काढली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पद्धतीचे पेटंट घेतले गेले नाही, म्हणून ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. विद्येला कुलूप घातले की काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

खरे कष्ट पुढे आहेत. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये या जोडपेशी वाढवतात आणि एकेका खळग्याची परीक्षा घेतात. इलास्टेजचे प्रोटिनेज-३ नावाचे एक भावंड आहे, दिसायला बरेचसे सारखे. त्यालाही चिकटणारे प्रतिपिंड बाद! शिवाय अँटिट्रिप्सिनने जखडलेले इलास्टेज निरुपद्रवी असते, पण पुष्कळशी प्रतिपिंडे मोकळे आणि जखडलेले दोन्ही मोजतात. नोंदवहीत बुडीत आणि चालू खाते एकाच रकान्यात लिहिल्यासारखे ते होते. म्हणून काही चाचण्यांत आधी फक्त मोकळे, कामावर असलेले एन्झाइम एका रासायनिक सापळ्यात धरतात आणि मग प्रतिपिंडाने त्याची रेघ उमटवतात. श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या रुग्णांत, आणि आपल्याकडे टीबीनंतर असे पुष्कळांना होते, हे एन्झाइम बेडक्यात जास्त असले तर दुखणे वारंवार उसळते असे आढळले आहे. मात्र आजार कोणता, हे त्यावरून ठरत नाही. जंतू कोणताही असो, न्यूट्रोफिल धावतातच.

आता आपल्या खिशाचा प्रश्न. वर सांगितले ते प्रतिपिंड म्हणजे प्रयोगशाळेत पारखून घेतलेले हत्यार. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे पाहून टीबी ठरवणे ही निराळीच गोष्ट. आपल्या देशात असंख्य लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू निपचित पडून असतो. त्यामुळे धडधाकट माणसाला 'टीबी आहे' आणि खऱ्या रुग्णाला 'नाही' असे निकाल या चाचण्या देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नका असे बजावले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. तोवर किती कुटुंबांनी उसनवारी करून त्यांचे पैसे भरले, याचा हिशेब कोणी ठेवला?

टीबीची शंका असेल तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र जंतूचाच अंश शोधते आणि एका मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही तेही सांगते. बेडका सकाळचा, खोल खोकून काढलेला द्यावा, नुसती थुंकी नको. टीबी नाही निघाला तरी दम लागत असेल तर फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी मागून घ्यावी, आणि क्रशरवर किंवा गिरणीत किती वर्षे काढली ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी केसपेपरवर लिहायला लावावे.